अ‍ॅक्शन अ‍ॅनिमेचे अलीकडचे भाग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येथे कोणत्या मालिकांच्या भागांविषयी मत दिले आहे?

मुख्यतः ‘जुजुत्सु काइसेन’ या, शापांशी म्हणजे दुष्ट शक्तींशी लढणाऱ्या मांत्रिकांच्या मालिकेच्या दुसऱ्या सीझनविषयी, म्हणजे ६ जुलै ते २८ डिसेंबर २०२३ या काळात जपानमध्ये प्रसारित झालेल्या २३ भागांविषयी. मला सर्वाधिक प्रश्न याच मालिकेविषयी विचारले जातात आणि गेल्या काही वर्षांत अ‍ॅक्शन अ‍ॅनिमेच्या चित्रभाषेवर एवढा वाद दुसऱ्या कोणत्याही सीझनने निर्माण केलेला माझ्या पाहण्यात नाही. त्याच्या जोडीला ‘डेमन स्लेयर’, ‘सोलो लेव्हलिंग’ आणि ‘दांदादान’ यांच्यातील काही भागांचाही विचार केला आहे. उत्तरांमध्ये कथानक उघड होते. ज्यांनी हे भाग पाहिलेले नाहीत त्यांनी ते आधी पाहावेत आणि मग हे वाचावे, अशी विनंती आहे. भागांचे क्रमांक पहिल्या सीझनपासून सलग धरले आहेत, त्यामुळे दुसरा सीझन २५ व्या भागापासून सुरू होतो.

सुरुवातीचे पाच भाग गोजोच्या भूतकाळाचे आहेत. ते वगळून थेट शिबुया पर्व पाहिले तर चालेल का?

चालणार नाही, आणि हे मी आग्रहाने सांगतो. २५ ते २९ हे भाग सातोरू गोजो (मालिकेतील सर्वांत बलवान मांत्रिक) आणि सुगुरू गेतो यांच्या विद्यार्थिदशेतील मैत्रीचे आणि ती मैत्री तुटण्याचे आहेत. त्यांत उन्हाळ्याचा भगभगीत प्रकाश आहे, समुद्रकिनारा आहे, दोन तरुणांची निष्काळजी थट्टामस्करी आहे. आणि रिको अमानाई या मुलीचा मृत्यू झाल्यानंतर तोच प्रकाश हळूहळू असह्य वाटू लागतो. पहिल्या सीझनचे दिग्दर्शक सुंगहू पार्क यांच्यानंतर दुसऱ्या सीझनची सूत्रे शोता गोशोझोनो यांच्याकडे आली. त्यांची पद्धत वेगळी आहे हे या पाच भागांतच कळते. पार्क यांचा भर हाणामारीच्या ठोस, वजनदार नृत्यरचनेवर होता. गोशोझोनो कॅमेऱ्याची जागा, रिकामी चौकट आणि बोलण्यातील खंड यांच्यावर अधिक विसंबतात. गेतो स्नानगृहात पाण्याच्या धारेखाली उभा असतो तेव्हा त्याच्या मनात काय चालले आहे हे कोणी शब्दांत सांगत नाही, आणि तरीही आपल्याला ते कळते.

पुढे ३३ व्या भागात गोजो बंदिस्त होतो, त्याचे सारे वजन या पाच भागांवर उभे आहे. ते वगळले तर तो प्रसंग केवळ एका बलाढ्य पात्राला कथेतून बाजूला करण्याची युक्ती वाटेल.

एवढा सामर्थ्यवान गोजो असा सहज सापळ्यात अडकतो, हे पटण्यासारखे आहे का?

मला पूर्ण पटले. या प्रसंगाची मांडणी नीट पाहावी. कथेतील तारीख ३१ ऑक्टोबर २०१८, हॅलोविनची रात्र. टोकियोतील शिबुया स्थानकाच्या भुयारी फलाटावर सामान्य माणसांची दाटी आहे आणि तीच शत्रूची ढाल आहे. गोजोला आपली शक्ती पूर्णपणे वापरता येत नाही, कारण ती वापरली तर ही माणसे मरतील. तो आपले क्षेत्र, म्हणजे शत्रूला आत कोंडणारे मंत्राचे अवकाश, केवळ ०.२ सेकंद उघडतो, म्हणजे साधी माणसे वाचतील अशा बेताने, आणि त्यानंतर २९९ सेकंदांत सुमारे हजार विद्रूप केलेल्या माणसांना संपवतो. या आकड्यांमुळे त्याचे सामर्थ्य जितके दिसते, तितकीच त्याच्यावर असलेली मर्यादाही दिसते.

आणि मग समोर गेतोचा चेहरा उभा राहतो. बंदिवासाच्या पेटीला गोजो एक मिनिट जवळपास थांबावा लागतो. पण ते मिनिट बाहेरच्या घड्याळाचे असण्याची गरज नसते, मनात गेलेले मिनिटही पुरते. तीन वर्षांचे तारुण्य त्याच्या डोळ्यांसमोरून क्षणात सरकते आणि तेवढ्यात काम होते. सर्वांत बलवान माणूस हरतो तो आठवणीमुळे. अ‍ॅक्शन मालिकेत पराभव कसा लिहावा याचे याहून चांगले उदाहरण मला अलीकडे आढळलेले नाही.

४१ व्या भागातील चित्रे ‘बिघडलेली’ आहेत, असे अनेकजण म्हणतात. तुमचे मत काय?

हा प्रश्न मला सर्वाधिक वेळा विचारला गेला आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

१६ नोव्हेंबर २०२३ रोजी प्रसारित झालेल्या या भागात सुकुना (नायक युजीच्या देहात वसलेला शापांचा राजा) आणि महोरग (मंत्राने बोलावलेला राक्षसी योद्धा) यांची लढाई आहे. मूळ मांगामध्ये, म्हणजे जपानी चित्रकथेत, ती तुलनेने थोडक्यात उरकते. मालिकेने ती कितीतरी विस्तारली. इमारतींमधून आरपार फेकले जाणारे देह, रस्त्यांवरून धावणारा कॅमेरा, प्रत्येक प्रहारानंतर महोरगाच्या डोक्यावरचे चाक फिरणे आणि त्याबरोबर त्याने शत्रूच्या शस्त्राशी जुळवून घेणे, हे सारे पडद्यावर नव्याने रचलेले आहे. ही लढाई काढताना अनेक ठिकाणी रेषा मुद्दाम सैल सोडलेली आहे. देह ताणले जातात, चेहऱ्यांचा तपशील नाहीसा होतो, पार्श्वभूमी निव्वळ खरडल्यासारखी होते.

ज्यांनी मध्येच चित्र थांबवून त्याची छायाचित्रे काढली आणि ‘हे पाहा, हातसुद्धा नीट काढलेला नाही’ असे म्हटले, त्यांच्याशी मी सहमत नाही. चलचित्रातील एक सुटे चित्र हे थांबून पाहण्यासाठी काढलेले नसते. सेकंदाला २४ चौकटी धावतात. जपानी दूरचित्रवाणी मालिकांमध्ये बहुधा एक रेखाचित्र दोन किंवा तीन चौकटी टिकवले जाते, म्हणजे सेकंदाला १२ किंवा ८ नवी चित्रे. वेग जाणवण्यासाठी मधली चित्रे विकृत करणे हे जुने आणि पूर्णपणे मान्य तंत्र आहे. लावणीच्या गिरकीचे छायाचित्र घेऊन ‘पाऊल वाकडे पडले’ असे कोणी म्हणत नाही, कारण गिरकी ही पावलांच्या मधल्या प्रवासात असते.

परंतु या भागावरची सारीच टीका चुकीची आहे, असेही मी म्हणणार नाही. काही ठिकाणी सैल रेषा हा निर्णय वाटत नाही, अपुरेपणा वाटतो. ४० व्या भागात सुकुना आणि जोगो हा अग्नी वापरणारा शाप यांच्या लढाईत आग, उंची आणि अंतर यांचा हिशेब शेवटपर्यंत टिकतो. कोण कुठे आहे हे आपल्याला सतत ठाऊक असते. ४१ व्या भागात मधल्या काही मिनिटांत तो हिशेब सुटतो आणि डोळा हरवतो. माझ्या मते हा भाग मोठ्या धाडसाचा आहे, अपूर्णही आहे, आणि तरीही गेल्या काही वर्षांतील सर्वांत लक्षात राहणाऱ्या भागांपैकी एक आहे. युजीला शुद्ध येते, समोर शहराच्या जागी खड्डा दिसतो आणि तो गुडघ्यांवर कोसळून स्वतःच्याच मृत्यूची याचना करतो. त्या क्षणी रेषा पुन्हा घट्ट आणि स्थिर होते. आधीचा सैलपणा किती सहेतुक होता याचा अंदाज तिथे येतो.

एक लहानशी नोंद. ‘महोरग’ हे नाव मराठी वाचकाला परके वाटू नये. महा आणि उरग, म्हणजे मोठा सर्प. बौद्ध ग्रंथांमध्ये नाग, गरुड, किन्नर यांच्या पंक्तीत महोरगही येतात.

चित्रे अपुरी राहिली याचा दोष अ‍ॅनिमेटरांना द्यावा का?

मुळीच देऊ नये. हा सीझन चालू असतानाच त्यावर काम करणाऱ्या काही अ‍ॅनिमेटरांनी समाजमाध्यमांवर वेळापत्रकाच्या जाचाबद्दल उघडपणे लिहिले होते. निर्मिती करणाऱ्या मापा स्टुडिओने त्याच वर्षी ‘विनलँड सागा’चा दुसरा सीझन, ‘हेल्स पॅराडाइज’ आणि ‘अटॅक ऑन टायटन’च्या समारोपाचे दोन दीर्घ भागही प्रेक्षकांसमोर आणले. एका वर्षात एवढी कामे हाती घेतली की शेवटचा ताण पेन्सिल धरणाऱ्या हातावरच येतो.

एक साधी गोष्ट सांगतो. मुख्य हालचालीची चित्रे एक कलावंत काढतो, मधली चित्रे दुसरे कोणी भरतात, चित्र-पर्यवेक्षक त्यांवर दुरुस्त्या करतो, मग रंग, पार्श्वभूमी, संयोजन. पहिल्या टप्प्याला दोन आठवडे उशीर झाला तर पुढच्या सर्वांचे दोन आठवडे कापले जातात, कारण प्रसारणाचा गुरुवार हलत नाही. ‘या भागात पर्यवेक्षण कमी पडले’ अशी टीका करताना पर्यवेक्षकाला त्यासाठी किती दिवस मिळाले असतील हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे. टीका जरूर करावी, मीही करतो. पण ती वेळापत्रक ठरवणाऱ्यांकडे वळवावी. एखाद्या तरुण अ‍ॅनिमेटरच्या खात्यावर जाऊन त्याला नावे ठेवणे हे मला अत्यंत अन्यायाचे वाटते.

लढाई ऐन रंगात आली की चित्र अचानक काळवंडते आणि पुसट होते. माझ्या टीव्हीत बिघाड आहे का?

बिघाड नाही. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’चा एक भाग प्रसारित झाला, त्यातील लाल-निळ्या झगझगाटामुळे शेकडो मुलांना झटके आणि इतर त्रास झाला आणि त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यानंतर जपानी प्रसारकांनी वेगाने उघडझाप करणाऱ्या प्रकाशावर नियम घातले. आजही लढाईचे भाग प्रसारणापूर्वी तपासले जातात आणि झगमगाट मर्यादेबाहेर गेला तर तेवढ्या चौकटी अंधूक केल्या जातात किंवा एकमेकींत मिसळल्या जातात. अनेकदा स्ट्रीमिंगवरही हीच प्रसारणाची आवृत्ती येते. ‘जुजुत्सु काइसेन’सारख्या मालिकेत, जिथे प्रत्येक निर्णायक प्रहार प्रकाशाच्या स्फोटातून दाखवला जातो, तिथे याचा फटका मोठा बसतो. पुढे निघणाऱ्या ब्लू-रे आवृत्तीत हे अंधूकपण बहुतांशी काढलेले असते आणि काही चित्रेही सुधारलेली असतात. म्हणून केवळ प्रसारणाच्या प्रतीवरून रंगसंगतीविषयी अखेरचे मत बनवू नये, असे मला वाटते. नियमाबद्दल मात्र माझी तक्रार नाही. मुलांच्या सुरक्षिततेपुढे चार अंधूक चौकटी ही फार लहान किंमत आहे.

नानामीचा मृत्यू केवळ प्रेक्षकांना धक्का देण्यासाठी होता का?

४२ वा भाग पुन्हा एकदा शांतपणे पाहावा. युजीचा मार्गदर्शक मांत्रिक केंतो नानामी अर्धा देह जळालेल्या अवस्थेत भुयारी स्थानकातून चालतो आहे, समोर विद्रूप माणसांचे थवे आहेत आणि त्याच्या मनात मलेशियातील क्वांतानचा समुद्रकिनारा आहे, जिथे घर बांधून न वाचलेली पुस्तके वाचायची असे त्याने ठरवले होते. धक्का देण्यासाठी लिहिलेला मृत्यू अकस्मात येतो. हा मृत्यू पावलापावलाने, थकव्याच्या वाटेने येतो. दिवसभर राबून घरी निघालेल्या माणसासारखा तो चालतो. केन्जिरो त्सुदा यांनी या पात्राला दिलेला आवाज येथे जवळजवळ कुजबुजीवर आला आहे.

आणि मग त्याचा दिवंगत मित्र हायबारा समोर येऊन युजीकडे बोट दाखवतो. ‘पुढचे तुझ्यावर सोपवतो’ हे शब्द उच्चारले तर ते त्या मुलासाठी आयुष्यभराचा शाप ठरतील, हे नानामीला ठाऊक आहे, तरीही तो ते उच्चारतो. शापांशी लढणाऱ्या माणसांच्या कथेत एक भला माणूस प्रेमापोटी शाप देतो. संपूर्ण पर्वाचा गाभा मला या एका वाक्यात सापडतो. ४३ व्या भागात युजीची सहविद्यार्थिनी नोबारा कुगिसाकी कोसळते, तो प्रसंगही परिणामकारक आहे. पण दोन आघात एवढ्या जवळ आल्यामुळे दुसऱ्याला श्वास घ्यायला जागा मिळाली नाही, असे माझे मत आहे.

‘डेमन स्लेयर’चे हाशिरा प्रशिक्षण पर्व इतके संथ का वाटते?

कारण राक्षसांशी लढणाऱ्या श्रेष्ठ तलवारबाजांकडून, म्हणजे हाशिरांकडून, मिळणाऱ्या प्रशिक्षणाविषयीचा मांगातील अगदी थोडा मजकूर त्यात ताणून बसवला आहे. १२ मे ते ३० जून २०२४ या काळात आलेल्या या आठ भागांपैकी मधल्या भागांत व्यायाम, धावणे आणि दगड ढकलणे यांपलीकडे फारसे काही घडत नाही. यूफोटेबल स्टुडिओची चित्रे नेहमीप्रमाणे देखणी आहेत. पण देखणेपणाने कथेची भूक भागत नाही.

शेवटच्या भागासाठी मात्र हे सारे सोसावे. राक्षसांचा मूळपुरुष मुझान एकटा, संथ पावलांनी, राक्षसांशी लढणाऱ्या दलाचा प्रमुख उबुयाशिकी याच्या घरी येतो. आजारी, दृष्टी गेलेला उबुयाशिकी अंथरुणावरून त्याच्याशी अत्यंत सौजन्याने बोलतो. तलवार कोणीही उपसत नाही, आणि तरीही सीझनमधला हा सर्वांत भयंकर सामना आहे. त्यानंतर उबुयाशिकी पत्नी आणि दोन मुलींसह स्वतःचेच घर स्फोटाने उडवून देतो. त्या निर्णयाची नैतिक बाजू मला आजही अस्वस्थ करते. मालिकेनेही तो निर्णय सोपा करून दाखवलेला नाही, याचे श्रेय दिग्दर्शक हारुओ सोतोझाकी यांना दिले पाहिजे.

‘सोलो लेव्हलिंग’मध्ये नायक कधी हरतच नाही. मग पाहायचे काय?

ही तक्रार बऱ्याच अंशी रास्त आहे. जानेवारी ते मार्च २०२५ दरम्यानच्या दुसऱ्या सीझनमध्ये सुंग जिनवू इतका पुढे गेला आहे की निकालाविषयी उत्कंठा उरत नाही. जेजू बेटावरील मुंग्यांविरुद्धच्या मोहिमेत खरे भय वाटते ते तो तेथे पोहोचेपर्यंतच, कारण तोवर इतर शिकारी मरू शकतात. हिरोयुकी सावानो यांचे संगीत आणि ए-वन पिक्चर्सने साधलेला वेग यांमुळे लढाई पाहताना रक्त सळसळते, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही माझ्या स्मरणात राहिला तो वेगळाच प्रसंग. दीर्घ निद्रेतून आई जागी होते आणि एवढा वेळ निर्विकार दिसणारा हा माणूस लहान मुलासारखा रडतो. त्याने मिळवलेल्या सामर्थ्याचा उपयोग काय, याचे उत्तर त्या एका दृश्यात मिळते. तेराव्या भागापर्यंत तसे उत्तर पुन्हा मिळाले असते तर हा सीझन माझ्या दृष्टीने बराच वर गेला असता.

अलीकडचा एकच भाग सुचवायचा असेल तर कोणता?

‘दांदादान’च्या पहिल्या सीझनचा सातवा भाग, नोव्हेंबर २०२४ मधला. सायन्स सारू स्टुडिओची ही मालिका एरवी गोंगाटाची आणि वेगाची आहे. या भागात मात्र ‘अ‍ॅक्रोबॅटिक सिल्की’ या भूताचा पूर्वेतिहास येतो. एकटी आई, मुलीसाठी मिळेल ते काम करणारी, आणि घरात बॅले नाचणारी तिची लहानगी. संवाद जवळजवळ नाहीत. आदल्या भागापर्यंत ज्या भुताला हरवावे असे आपल्याला वाटत होते, त्याच्यासाठी आपण रडतो. लढाईतील प्रतिपक्षालाही आयुष्य असते हे अनेक मालिका संवादांतून सांगतात. येथे ते नाचाच्या पावलांतून सांगितले आहे.

मूळ जपानी आवाजात पाहावे की हिंदीत?

या मालिका हिंदीत उपलब्ध असल्यामुळे आपल्याकडचा प्रेक्षक कितीतरी वाढला आहे, आणि त्याला कमी लेखणे मला मान्य नाही. एका पिढीने दूरदर्शनवर हिंदीत पाहिलेला मोगलीही मुळात जपानी स्टुडिओतच तयार झाला होता. १२ सप्टेंबर २०२५ रोजी ‘डेमन स्लेयर’चा ‘इन्फिनिटी कॅसल’ हा चित्रपट भारतात आला तेव्हा तो हिंदी, तमिळ आणि तेलुगूमध्येही लावला गेला. मराठीत नाही, याची खंत मला आहे. आपल्याकडे रंगभूमीवर आवाज कमावलेले इतके नट आहेत की नानामीचा थकवा मराठीत कसा ऐकू येईल याची मी अनेकदा कल्पना करतो.

तरीही निवड करायची झाल्यास शिबुया पर्व जपानीत, सबटायटल्ससह पाहावे. जोगो शेवटी सुकुनाकडून कौतुक ऐकतो आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येते, तेव्हा शिगेरू चिबा यांच्या आवाजात जो कंप आहे, तो भाषांतरात येत नाही.

घरातील लहान मुलांबरोबर हे भाग पाहता येतील का?

शिबुया पर्व नाही. त्यातील हिंसा तपशीलवार आहे आणि विद्रूप केलेली माणसे लहान मुलांच्या मनातून सहज जाणार नाहीत. दहावी-अकरावीच्या मुलांबरोबर पाहावे आणि पाहून झाल्यावर बोलावे.

मांगा आधी वाचावा का?

गेगे आकुतामी यांचा मांगा मार्च २०१८ ते सप्टेंबर २०२४ या काळात २७१ प्रकरणांत पूर्ण झाला आहे. माझा सल्ला असा की मालिका आधी पाहावी आणि तेच पर्व नंतर वाचावे. आधी वाचणारा प्रेक्षक प्रत्येक दृश्याची तुलना करत बसतो. नंतर वाचणाऱ्याला दिग्दर्शकाने काय वाढवले, काय गाळले हे अधिक मोकळेपणाने दिसते.

शिबुया पर्वातील कोणते दृश्य तुम्ही पुन्हा पुन्हा पाहता?

शेवटाकडचे, बर्फाचे. माहितो हा शाप हरतो आहे. सबंध पर्वभर माणसांच्या देहांशी खेळणारा, त्यांच्या मरणावर हसणारा माहितो आता घाबरून पळतो आणि युजी त्याच्या मागे चालतो. एकाएकी स्थानकाचे अवशेष नाहीसे होतात, सर्वत्र पांढरे बर्फ पसरते, पळणारा ससा होतो आणि मागून येणारा लांडगा. युजी धावत नाही, ओरडतही नाही. पहिल्या सीझनमध्ये ‘लोकांना योग्य मरण मिळावे’ म्हणून लढायला निघालेला हा मुलगा आता ‘तू पुन्हा जन्मलास तरी मी तुला पुन्हा मारीन’ असे सपाट आवाजात सांगतो. युजीला आवाज देणारे ज्युन्या एनोकी यांच्या आवाजात राग शिल्लक नाही. ससा बर्फात धडपडत राहतो, आणि लांडगा आपली चाल बदलत नाही.